केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा चुना : नांदती देवळे, पडकी देवळे आणि आपण पाहणारे

पारिजात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेली पंधरा-सोळा वर्षे नागपुरात राहून मी विदर्भातली जुनी देवळे आणि पडके वाडे जमेल तसे पाहत आले आहे. या भटकंतीतून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे आणि त्याचे उत्तर मला एकटीला सापडत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात रामटेकपासून करते. पहिल्यांदा रामटेकला गेले ती सगळे जातात तशीच, म्हणजे गडावर रामाचे दर्शन घेतले, माकडांपासून प्रसाद सांभाळला, वरून अंबाळा तलाव पाहिला आणि संध्याकाळच्या आत घरी परतले. वाटेवरचे केवल नरसिंहाचे देऊळ मला दिसले होते, पण ते इतके ठेंगणे आणि साधे वाटले की मी तिथे पाचेक मिनिटेसुद्धा थांबले नाही. हे देऊळ वाकाटकांच्या काळातले, इसवी सनाच्या पाचव्या शतकातले आहे, हे मला फार नंतर कळले. लाल वालुकाश्माच्या भिंती, पुढे छोटा मंडप, आत चक्र धारण केलेला बैठा नरसिंह आणि त्याच्यासमोर आजही लावला जाणारा दिवा, एवढाच त्याचा पसारा आहे. जवळच रुद्र नरसिंहाचे देऊळ आहे, उघड्यावर उभा असलेला प्रचंड वराह आहे, आणि त्रिविक्रमाच्या देवळाचे आता थोडेच अवशेष उरले आहेत.

या केवल नरसिंहाच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चुना दिला जात होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते थर काढले गेले तेव्हा खालून वाकाटककालीन शिलालेख निघाला. अक्षरे झिजलेली आहेत, बऱ्याच ओळी तुटक आहेत, तरी त्यात प्रभावतीगुप्ता आहे. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी होती, आणि पतीच्या निधनानंतर लहान मुलांच्या वतीने तिनेच राज्याचा कारभार पाहिला. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या पायथ्यापलीकडचे आजचे नगरधन. एवढी मोठी बाई आपल्या नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर भिंतीत लिहिलेली होती आणि दर्शनाला येणारे लोक कित्येक शतके तिच्यासमोरून जात होते.

आता माझा प्रश्न. तो चुना देणाऱ्यांनी लेख झाकला की वाचवला? मला दोन्ही खरे वाटते. चुना नसता तर पावसापाण्याने आणि हातांच्या घासण्याने उरलीसुरली अक्षरेही गेली असती. पण चुना देणाऱ्याला खाली काय आहे हे माहीत नव्हते आणि त्याला त्याची गरजही नव्हती, कारण त्याच्या दृष्टीने आतला देव पुरेसा होता.

हाच प्रश्न माझ्या घरात शिरला म्हणून मी अस्वस्थ आहे. माझे आजोळ भंडारा जिल्ह्यात आहे. गावाबाहेर, तळ्याच्या पाळीवर महादेवाचे जुने दगडी देऊळ आहे, ज्याला गावात सगळे हेमाडपंती म्हणतात. लहानपणी आम्ही त्याच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बोरे खात असू. उन्हात दगड तापलेला असे आणि पाठीला कोरीव पट्टीचे उंचवटे रुतत असत. त्या पट्टीवर हंसांची ओळ होती. चोची, वळलेल्या माना, पायातल्या बोटांमधल्या रेषासुद्धा बोटांना लागत. काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला गेले तेव्हा संपूर्ण देऊळ बाहेरून गुलाबी आणि खांब निळ्या रंगात, चकचकीत ऑइल पेंटने रंगवलेले होते. गाभाऱ्यात पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. हंसांच्या पट्टीवर रंगाचे इतके जाड थर होते की माना आणि चोची एक झाल्या होत्या.

मी रागाने मामांना म्हटले, "मामा, हे तुम्ही काय करून ठेवलं?" मामा चिडले नाहीत. ते म्हणाले, "तुले दगड पायजे, आमाले देव पायजे. तू वर्षातून एकडाव येते. रोजचा दिवा कोण लावते?"

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्या देवळात पूजा होते ते आपण रंगवून आणि फरश्या घालून हरवत आहोत, आणि ज्या देवळात पूजा होत नाही तिथे उंबर, पिंपळ आणि गुराढोरांचे राज्य आहे. आपण प्रवासी म्हणून यापैकी कोणत्या बाजूचे आहोत? ज्यांनी पुष्कळ पाहिले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

कामठीकर

पारिजातताई, धागा फार जिव्हाळ्याचा आहे. मी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. उघडा दगड हीच देवळाची मूळ अवस्था आहे असे आपण सगळेच गृहीत धरतो, आणि मला ते गृहीतकच तपासून पाहावेसे वाटते. वेरूळच्या कैलास लेण्याला परिसरातले लोक रंगमहाल म्हणत असत, कारण त्यावर गिलावा आणि रंग होते. त्यांचे अवशेष आजही छतांवर आणि कोपऱ्यांत पाहायला मिळतात. आपल्याला काळा, ओका, पावसाने धुतलेला दगड आवडतो, कारण आपण देवळे पडकी झाल्यावरच पाहिली. ही आवड खोटी आहे असे मी म्हणत नाही, पण ती आपली आहे, त्या देवळाची नाही. मामांनी रंग दिला त्यात काही नवे घडले नाही, फार तर वापरलेला रंग चुकीचा होता.

दगडमाती

कामठीकरांचे म्हणणे बरोबर आहे, पण शेवटचे वाक्य "फार तर" म्हणून उडवून देण्यासारखे नाही. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे या धाग्यावर जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

दगड श्वास घेतो असे आम्ही म्हणतो, आणि ते शब्दशः घ्यायला हरकत नाही. जमिनीतून आणि पावसातून दगडात पाणी शिरते आणि उन्हात पृष्ठभागावाटे बाहेर पडते. चुन्याचा थर सच्छिद्र असतो, पाणी त्यातून निघून जाते, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार चुन्यावर साठून चुनाच आधी झडतो. म्हणून दर वर्षी चुना द्यावा लागत असे. चुना हा एका अर्थाने दगडाच्या बदल्यात झिजणारा थर होता. ऑइल पेंट मात्र प्लास्टिकच्या कातडीसारखा बसतो. पाणी आत अडकते, क्षार रंगाच्या मागे दगडाच्या पापुद्र्यात साठतात, आणि चार-सहा वर्षांनी रंगाचा पोपडा निघतो तो दगडाचा पापुद्रा घेऊनच. सिमेंटचेही तसेच आहे. जुन्या दगडी सांध्यात सिमेंट भरले की सांधा दगडापेक्षा कठीण होतो, आणि ज्याने झिजायचे तो सांधा टिकून दगडच झिजू लागतो.

यात दगडाच्या जातीचा फरक मोठा आहे आणि तो नागपूरकरांना सहज समजेल, कारण दख्खनचा काळा बेसॉल्ट आपल्या शहराच्या आसपासच संपतो. पश्चिमेला लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहा, कमळजादेवी पाहा, तिकडे काळ्या पाषाणाचे राज्य आहे. पूर्वेला आणि दक्षिणेला वालुकाश्म लागतो. भूगर्भशास्त्रात "कामठी" नावाचा एक शैलसमूहच आहे, तो आपल्या कामठीवरूनच. बेसॉल्ट ठणकावून फुटतो, त्याचा तुकडा पडतो. वालुकाश्म कणाकणाने झडतो. रामटेकच्या भिंतीवरून हात फिरवला तर तळहाताला लालसर भुकटी लागते ती त्याचीच. म्हणून वालुकाश्मावर ऑइल पेंट हा अधिक घातक.

आता हेमाडपंती या शब्दाविषयी. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकातला मंत्री. परंतु चुन्याशिवाय, दगडांना खाचा आणि कंगोरे पाडून एकमेकांत अडकवण्याची पद्धत त्याच्या आधीपासून वापरात होती, आणि आपण हेमाडपंती म्हणतो त्यांतली बरीच देवळे त्याच्या आधीची आहेत. या पद्धतीत देऊळ केवळ दगडांच्या वजनावर आणि तोलावर उभे असते. एका सांध्यात उंबराचे मूळ शिरले की तो तोल जातो. ताईंच्या आजोळच्या देवळाच्या शिखरावर रोप उगवलेले असेल, तर रंगाआधी त्याकडे लक्ष द्यावे. मात्र ते ओढून काढू नये, कारण मुळाबरोबर दगड येतो.

आणि कळकळीची विनंती. रंग काढण्यासाठी वाळूचा मारा, तारेचा ब्रश किंवा ॲसिड कोणीही वापरू नये. रंगापेक्षा अधिक नासधूस त्या साफसफाईने झालेली मी स्वतः पाहिली आहे. एका गावात उत्साही तरुणांनी यंत्र आणून एका दिवसात देऊळ "स्वच्छ" केले, आणि दुसऱ्या दिवशी द्वारपालांना डोळे उरले नव्हते.

वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यातली. आमच्या मार्कंड्याचा उल्लेख या धाग्यावर झालाच पाहिजे.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर हा मंदिरसमूह आहे आणि तिथे नदी उत्तरवाहिनी होते म्हणून त्या जागेचे महत्त्व. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. लहानपणी आम्ही बैलगाडीने जात असू, रात्री वाळवंटात मुक्काम असे, आणि पहाटे नदीत डुबकी मारून ओल्या अंगाने दर्शनाला जायचे. मुख्य मार्कंडेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर एकावर एक मूर्तींच्या रांगा आहेत. त्या यात्रेत मी सर्वांत खालच्या रांगेतल्या मूर्तींशी उंचीने बरोबरीची होते, म्हणून मला चेहरे न दिसता गुडघे, पैंजण आणि कमरेचे शेले आठवतात. मोठेपणी जाऊन चेहरे पाहिले तेव्हा तीच माणसे पुन्हा भेटल्यासारखे वाटले.

या देवळावर पूर्वी कधीतरी वीज पडून शिखराचा भाग कोसळला होता, आणि नंतर गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली असे सांगतात. ती डागडुजी मूळ बांधणीशी जुळत नाही, आधाराचे नवे खांब जाडजूड आणि साधे आहेत. 1873-74 च्या सुमारास इंग्रज पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथे येऊन गेले आणि त्यांनी या मंदिरांचे वर्णन केले. जाणकारांना ते जाडे खांब खटकतात. मला खटकत नाहीत. कोणीतरी देव वाऱ्यावर सोडला नाही, हाताशी जे कारागीर होते त्यांच्याकडून छप्पर सावरून धरले. ते सावरले नसते तर कनिंगहॅम यांना पाहायला काय उरले असते?

पारिजातताई, आपले मामा मला त्या खांबांसारखे वाटतात.

पारिजात

वैनगंगाकाठ, आपल्या शेवटच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. दगडमाती, आपण लिहिलेले सगळे मामांना फोनवर वाचून दाखवणार आहे. कामठीकर, आपला आक्षेप मान्य आहे. मी हंसांच्या पट्टीवर प्रेम केले ते ती माझ्या पाठीला रुतली म्हणून, आणि ती घडवणाऱ्याने बहुधा तिला रंग दिला असेल हे मी कधी मनात आणले नव्हते. तरीही एक फरक मला टोचतो. जुन्या रंगाऱ्याला हंस ठाऊक होता, त्याने हंस अधिक उठून दिसावा म्हणून रंग दिला असणार. आत्ताच्या रंगाने हंस बुजला.

गडवाट

सर्व प्रतिसाद वाचले. देवळांबरोबरच ज्या जागांना देवच नाही त्यांचाही विचार व्हावा असे मला वाटते.

काटोल रस्त्याने जुनापाणीला जा. तिथे दगडांची वर्तुळे आहेत, महापाषाण काळातल्या दफनांची. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ती खोदून पाहिली, पुढे 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. काही दगडांवर वाटीच्या आकाराचे छोटे खड्डे रांगेने कोरलेले आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट अशी या काळातली आणखी ठिकाणे आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे नागपूर शहर वसण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी इथली माणसे लोखंड गाळत होती.

मी पावसाळ्यानंतर गेलो होतो. गवत गुडघ्याएवढे होते, त्यामुळे आधी काहीच दिसेना, आणि मग पायाला एक दगड लागला, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, आणि चालता चालता लक्षात आले की आपण वर्तुळावरून फिरत आहोत. आत कोणीतरी पुरलेले आहे आणि त्याच्या माणसांनी हे दगड ओढत आणले आहेत, हे कळल्यावर मी चपला काढल्या. तिथे मला तसे सांगणारे कोणी नव्हते. गुराख्याने विचारले, "येथं देव आहे का जी?" मी नाही म्हटले, तर तो म्हणाला, मग लोक दगड का नेत नाहीत? प्रत्यक्षात लोक नेतातच. त्या वर्तुळांना मामा नाहीत. माझे म्हणणे एवढेच की पूजा असलेल्या जागेवर चुकीचा रंग लागतो, आणि पूजा नसलेल्या जागेचा दगड कोणाच्या तरी कुंपणात जातो. या दोहोंत मी रंग पत्करेन.

संथ_वाचक

गडवाट यांच्या मुद्द्याला मानसरची जोड देतो. रामटेकच्या वाटेवर मानसरला हिडिंबा टेकडी नावाचे टेकाड होते, भोवती मॅंगनीजच्या खाणी. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे उत्खनन झाले आणि विटांचे भव्य मंदिर उघडे पडले, जे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरेश्वर या शिवाचे मानले जाते. त्याआधी 1972 मध्ये इथेच सापडलेली शिवाची ठेंगणी, हसरी, विलक्षण सुंदर मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टेकाडाला महाभारतातल्या हिडिंबेचे नाव होते, म्हणून लोकांना ते आपले वाटत होते, आणि आत काय आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीचेही तसेच. 1969-70 च्या उत्खननात तिथे बौद्ध स्तूप निघाला. स्तूपावर जगन्नाथाचे नाव राहिले आणि नावामुळे टेकडी राहिली.

कायद्याविषयी दोन ओळी. 1958 च्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित असलेल्या स्मारकाभोवती 2010 च्या दुरुस्तीनुसार 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. राज्याचा स्वतंत्र कायदा 1960 चा आहे. आजोळचे देऊळ यांपैकी कोणत्याही यादीत नसेल, तर त्याची जबाबदारी पूर्णपणे गावाची. अशी देवळे संख्येने फार अधिक आहेत.

वैनगंगाकाठ

शेंदराचे काय, हा प्रश्न मी विचारणारच होते. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचा शेंदराचा जाड लेप 2022 मध्ये काढण्यात आला आणि आतले मूळ रूप दिसले, तेव्हा आमच्या घरातल्या वयस्कर मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले होते. काहींना आनंद झाला, आणि माझ्या आत्याला मात्र आपली ओळखीची देवी गेली असे वाटले. ती म्हणाली की जिला पाहत मी म्हातारी झाले ती ही नव्हे. तिच्याशी वाद घालावासा मला वाटला नाही.

दगडमाती

आत्यांचे म्हणणे आमच्या कामात रोज समोर येते. म्हणून मी गावात गेलो की आधी रंगाविषयी बोलत नाही, "हे देऊळ तुमच्या आजोबांच्या वेळी कसे दिसत होते?" असे विचारतो. म्हातारी माणसे बोलू लागतात, चुन्यात पिवडी किंवा गेरू कालवून देत असत, चुना घोटून रात्रभर भिजवत असत, हे त्यांनाच आठवते. मग रंगाचा आग्रह सोडावा लागत नाही, फक्त डबा बदलतो. ताई, मामांना विचारा की गावात चुना घोटणारे कोणी आहे का. आणि आधीचा ऑइल पेंट काढायचा असेल तर जाणकार संवर्धकाकडून, आधी तळहाताएवढ्या जागेवर, कागदाच्या लगद्याचा लेप लावून पाहावा. घाईने पूर्ण भिंत हाती घेऊ नये.

पारिजात

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. मधल्या काळात मी आजोळी जाऊन आले.

दगडमाती यांनी सुचवले तसे मामांना विचारले की आजोबांच्या वेळी देऊळ कसे होते. मामा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की पांढरे होते, आणि पोळ्याच्या आधी गावातली पोरे मडक्यात चुना घेऊन झाडूने देत. मामा त्या पोरांपैकी एक होते. हे त्यांनी मला कधीच सांगितले नव्हते. गावातल्या एका वृद्ध गवंड्याला चुना घोटता येतो, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. या महाशिवरात्रीला समोरची बाजू नेहमीसारखी रंगवली जाईल, त्याला इलाज नाही, कारण रंग आधीच आणलेला आहे. मागची भिंत मात्र यंदा सोडायची, असे मामांनी आणि पुजाऱ्यांनी ठरवले आहे.

मी मागे जाऊन पाहिले. पावसाने एके ठिकाणी रंगाचा पोपडा सुटला आहे, साधारण माझ्या तळहाताएवढा. दगडमाती, आपण सांगितल्याप्रमाणे दगडाचा वरचा पापुद्राही त्याबरोबर गेला आहे, त्यामुळे हंसाच्या पायातल्या रेषा आता नाहीत. मान आहे, आणि चोचीचे टोक आहे. मी मोबाइलने फोटो काढत होते, तेवढ्यात शेजारच्या घरातली एक बाई पाण्याची कळशी घेऊन आली, तिने ती खाली ठेवली आणि त्या उघड्या पडलेल्या मानेला हळदकुंकू लावून नमस्कार केला. खाली दगडावर आधीच्या कुंकवाचे दोन-तीन सुकलेले ठिपके होते, म्हणजे ती पहिली नव्हती.